नौदलाची बोली शिकायची कशी

जहाजावर नुकताच रुजू झालेला मुलगा घरी फोन करतो आणि सांगतो, "आई, आज लिबर्टी नाही, ड्युटी वॉचला आहे. उद्या मेक अँड मेंड आहे, तेव्हा दुपारी निवांत बोलू." घरच्यांना यातून इतकेच कळते की आज काहीतरी अडले आहे आणि उद्या काहीतरी सुटणार आहे. हा लेख अशा घरांसाठी आहे, आणि त्याचबरोबर नौदलाच्या भरतीची तयारी करणाऱ्या त्या मुलामुलींसाठीही आहे, ज्यांना प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शारीरिक कष्टांइतकाच या बोलीचाही धक्का बसतो.

ही बोली बहुतेक जण उलट्या टोकाने शिकायला जातात. टोपणनावे, चेष्टेचे शब्द आणि रुबाबदार वाक्ये आधी पाठ होतात आणि ज्यांच्यावाचून दिवस ढळत नाही ते शब्द मागे राहतात. माझ्या मते क्रम नेमका उलटा असावा: प्रथम जागेचे शब्द, मग वेळेचे, त्यानंतर हुकमांचे, पुढे माणसांचे आणि सर्वांत शेवटी थट्टेचे. जागेचा शब्द चुकला तर माणूस भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो, वेळेचा चुकला तर त्याची पाळी दुसऱ्याच्या अंगावर पडते. थट्टेचा चुकला तर फार तर हसे होते.

आधी जागा

जहाजावर डावे-उजवे म्हणत नाहीत, कारण डावी आणि उजवी बाजू बोलणाऱ्याच्या तोंडाप्रमाणे फिरते आणि समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांत तिचा घोळ होतो. जहाजाच्या बाजू मात्र जहाजाला चिकटलेल्या असतात. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला येते ती पोर्ट आणि उजव्या हाताला येते ती स्टारबोर्ड. पाठ फिरवली तरी ती नावे बदलत नाहीत. रात्री पोर्ट बाजूला तांबडा दिवा असतो आणि स्टारबोर्डला हिरवा. पूर्वी ब्रिटिश नौदलात डाव्या बाजूला लारबोर्ड म्हणत असत, परंतु वादळवाऱ्यात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत असल्याने 1844 मध्ये लारबोर्ड वापरातून काढून टाकण्यात आला. भारतीय नौदलाची बोली त्याच परंपरेतून आलेली असल्याने आपल्याकडेही पोर्टच रूढ आहे.

पुढच्या दिशेला फॉरवर्ड आणि मागच्या दिशेला आफ्ट म्हणतात. अगदी पुढचा, नांगराच्या साखळ्या असलेला उघडा भाग म्हणजे फोकसल. मागच्या बाजूचा, मानाचा मानला जाणारा भाग म्हणजे क्वार्टरडेक. पायाखाली असते ते डेक, डोक्यावर असते ते डेकहेड आणि बाजूची भिंत म्हणजे बल्कहेड. स्वयंपाक होतो ती गॅली, खलाशांची राहण्याजेवण्याची जागा म्हणजे मेस डेक, तर अधिकाऱ्यांची मेस म्हणजे वॉर्डरूम. स्वच्छतागृहाला हेड्स म्हणतात. शिडाच्या जहाजांवर ही सोय जहाजाच्या डोक्याकडे, म्हणजे अगदी पुढच्या टोकाशी असे, आणि जहाजे बदलली तरी नाव टिकले. नव्या मुलाला सर्वांत आधी हाच शब्द लागतो, आणि तो विचारायला लाजू नये.

हे शब्द यादी करून पाठ करण्यापेक्षा कागदावर जहाजाचा वरून दिसणारा आकार काढावा, त्याचे टोक वर ठेवावे आणि प्रत्येक नाव ज्याच्या त्याच्या जागी लिहावे. नंतर तोच कागद उलटा धरून, म्हणजे टोक स्वतःकडे करून, पोर्ट कोणती आणि स्टारबोर्ड कोणती ते न अडखळता सांगता येते का ते पाहावे. ज्याला हे जमले त्याला बोलीचा सर्वांत कठीण भाग जमला, कारण इतर शब्द आठवावे लागतात, पण दिशेचा शब्द अंगवळणी पडावा लागतो. कोळीवाड्यात वाढलेल्या मुलांना सुकाणू, डोलकाठी, नांगर या गोष्टी आधीच ठाऊक असतात आणि ती या टप्प्यात इतरांच्या पुढे असतात.

याच ओघात एक चमत्कारिक प्रकार लक्षात ठेवावा. नौदलाच्या जमिनीवरील केंद्रांनाही जहाजांसारखीच नावे असतात आणि त्यांच्या आधी आयएनएस, म्हणजे इंडियन नेव्हल शिप, लागते. मालाडजवळचे आयएनएस हमला, कुलाब्याचे नौदल रुग्णालय आयएनएस अश्विनी, गोव्यातला दाबोळीचा हवाई तळ आयएनएस हंसा किंवा सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण देणारे लोणावळ्याचे आयएनएस शिवाजी यांपैकी एकही पाण्यावर तरंगत नाही. तरीही तेथे बोली जहाजाचीच चालते. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रापासून कित्येक कोस दूर, फाटकातून बाहेर बाजारात जाणारा खलाशी आपण अ‍ॅशोर, म्हणजे किनाऱ्यावर, चाललो असे म्हणतो. त्यामुळे मुलगा "आयएनएस शिवाजीवर आहे" असे म्हणाला म्हणून तो समुद्रात आहे असे समजण्याचे कारण नाही. पावसाळ्यात तो फार तर धुक्यात असेल.

मग घड्याळ

जहाजाचे घड्याळ चोवीस तासांचे असते, आणि दिवस पाळ्यांत, म्हणजे वॉचमध्ये, विभागलेला असतो. रात्री 8 ते 12 ही फर्स्ट वॉच, मध्यरात्री 12 ते पहाटे 4 ही मिडल, 4 ते 8 मॉर्निंग, सकाळी 8 ते दुपारी 12 फोरनून आणि 12 ते 4 आफ्टरनून. यानंतरचे चार तास मात्र दोन तुकड्यांत मोडलेले असतात: संध्याकाळी 4 ते 6 फर्स्ट डॉग आणि 6 ते 8 लास्ट डॉग. असे मोडण्यामागे साधे अंकगणित आहे. सगळ्या पाळ्या चार-चार तासांच्या ठेवल्या तर दिवसात सहा पाळ्या होतात, आणि माणसांचे गट दोन असोत किंवा तीन, सहाला दोन्हींनी निःशेष भाग जातो, म्हणजे रोज रात्री मिडल वॉच त्याच दुर्दैवी गटाच्या वाट्याला येते. शेवटची पाळी मोडून सात केल्या की भाग जात नाही आणि पाळ्या आपोआप सरकत राहतात. मिडल वॉच कोणालाच आवडत नाही, कारण ती झोपेचा अगदी मध्यच कापते. ज्या रात्री कोणतीच पाळी नसते तिला ऑल नाइट इन म्हणतात, आणि हे शब्द उच्चारताना खलाशाच्या आवाजात जे समाधान असते ते घरच्यांनी ओळखायला शिकावे.

घंटेची रीत याच पाळ्यांवर उभी आहे. पाळी सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने एक टोला, मग दर अर्ध्या तासाला एकेक वाढवत चार तास संपताना आठ टोले. म्हणून मिडल वॉचमध्ये पाच टोले म्हणजे रात्रीचे अडीच. लास्ट डॉगमध्ये मात्र एक, दोन, तीन असे टोले देऊन संध्याकाळी 8 वाजता एकदम आठ देतात. आता प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ असते, तरी ही रीत समजून घेतली तर जुन्या नोंदी आणि आठवणी वाचताना अडत नाही.

दिवसातील ठरावीक क्षणांनाही नावे आहेत. सकाळी 8 वाजता ध्वज चढतो त्याला कलर्स म्हणतात आणि सायंकाळी तो उतरतो त्याला सनसेट. सकाळच्या कामातील चहाची सुटी म्हणजे स्टँड ईझी. दिवसाचे काम आवरण्याचा हुकूम म्हणजे सिक्युअर. मेक अँड मेंड म्हणजे अर्ध्या दिवसाची सुटी. शिडांच्या काळात खलाशांना स्वतःचे कपडे शिवण्यासाठी आणि ठिगळे लावण्यासाठी ही दुपार मोकळी मिळत असे. आज त्या दुपारी कोणी सुई-दोरा घेऊन बसत नाही, बहुतेक जण झोपतात. लिबर्टी म्हणजे ठरावीक वेळेपुरती बाहेर जाण्याची परवानगी, आणि ती रजेपेक्षा निराळी आहे. रजा काही दिवसांची असते आणि तिच्यात घरी जाता येते. लिबर्टीतून त्याच दिवशी ठरलेल्या वेळेच्या आत परतावे लागते. परतायला उशीर झाला तर माणूस अ‍ॅड्रिफ्ट झाला असे म्हणतात, म्हणजे दोर सुटलेल्या होडीसारखा वाहवला. हा शब्द ऐकायला गमतीचा असला तरी त्याचे परिणाम गमतीचे नसतात. म्हणून मुलगा घरी आला असता "अजून एक दिवस राहा, काय होतंय" असा आग्रह आजीने केला तरी आईवडिलांनी तो मोडून काढावा.

हुकूम आणि उत्तर

जहाजावर हुकूम देण्याच्या रीतीला पाइप म्हणतात, कारण पूर्वी तो बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या कामांच्या मुकादमाच्या, शिट्टीने देत असत आणि आजही समारंभांत ती शिट्टी वाजते. ही शिट्टी हातात घेऊन पाहण्यासारखी असते. तिच्या टोकाच्या पोकळ गोळ्याला बॉय म्हणतात, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. ज्यातून फुंकर जाते त्या वाकड्या नळीला गन. खालच्या चपट्या पट्टीला कील, म्हणजे जहाजाचा कणा. आणि साखळी अडकवायच्या कडीला शॅकल. एवढ्याशा वस्तूत अख्खे जहाज बसवलेले आहे. गोळ्याभोवती बोटे मिटली की सूर चढतो, उघडली की उतरतो, आणि जिभेने किंवा घशाने हवा थरथरवली की कंप येतो. या मोजक्या सुरांवर वेगवेगळे हुकूम ओळखले जात. हल्ली बहुतेक सूचना ध्वनिक्षेपकावरून येतात, आणि त्यांच्याआधी "डू यू हियर देअर" असे म्हणण्याची जुनी पद्धत आहे. ते शब्द कानावर पडताच बोलणे थांबवून ऐकायचे असते.

हुकमाला उत्तर कसे द्यावे हे नव्या माणसाने काळजीपूर्वक शिकावे. प्रश्नाला उत्तर म्हणून येस चालते, परंतु हुकमाला उत्तर म्हणून आय आय म्हणतात, आणि त्यात हुकूम ऐकला, समजला आणि आता तो पाळतो असे तिन्ही अर्थ येतात. जेथे चूक परवडत नाही तेथे एवढ्यानेही भागत नाही. सुकाणूवर बसलेल्या खलाशाला अधिकाऱ्याने "पोर्ट 15" असे सांगितले तर तो "पोर्ट 15, सर" असे म्हणून हुकूम परत बोलून दाखवतो, चाक फिरवतो आणि सुकाणू 15 अंशांवर आल्यावर "15 ऑफ पोर्ट व्हील ऑन, सर" असे कळवतो. एकच गोष्ट तीनदा बोलली जाते, आणि बाहेरच्या माणसाला ते अनावश्यक वाटते. पण शेकडो माणसे आणि हजारो टनांचे लोखंड एका ऐकण्याच्या चुकीने खडकावर जाऊ शकते, तेव्हा तीनदा बोलणे स्वस्त पडते. भरतीची तयारी करणाऱ्यांनी याचा सराव घरीच करावा. कोणी काम सांगितले की "हो" म्हणण्याऐवजी ते काम थोडक्यात परत बोलून दाखवावे. आठवडाभरात सवय लागते, आणि घरातले भांडणही थोडे कमी होते.

अक्षरांचेही असेच आहे. इंग्रजी बी आणि डी किंवा एम आणि एन रेडिओवर सारखे ऐकू येतात, म्हणून प्रत्येक अक्षराला शब्द नेमलेला आहे. पाटील हे आडनाव सांगायचे तर पापा, अल्फा, टँगो, इंडिया, लिमा असे सांगतात. स्वतःचे नाव, गाव आणि गाडीचा क्रमांक या पद्धतीने सांगण्याचा सराव केला तर सव्वीस शब्द सहज तोंडात बसतात. यातूनच ब्राव्हो झुलू ही शाबासकी आली आहे. ती मूळची संकेतावलीतील खूण आहे आणि तिचा अर्थ काम उत्तम झाले एवढाच. वरिष्ठाकडून ती मिळाल्याचे मुलाने कळवले तर पेढे वाटायला हरकत नाही.

मापांच्या बाबतीत एक चूक फार आढळते. नॉट हे अंतर नसून वेग आहे: ताशी एक सागरी मैल, म्हणजे ताशी 1,852 मीटर. त्यामुळे "वीस नॉट प्रति तास" असे म्हणणे चूक आहे. नुसते वीस नॉट म्हणावे, आणि त्याचा अर्थ ताशी सुमारे 37 किलोमीटर असा घ्यावा. केबल म्हणजे सागरी मैलाचा दहावा भाग, सुमारे 185 मीटर.

माणसे

हुद्द्यांच्या बाबतीत घरच्यांचा गोंधळ बहुधा एकाच ठिकाणी होतो. नौदलातील कॅप्टन हा लष्करातील कर्नलच्या बरोबरीचा असतो, आणि लष्करातील कॅप्टनच्या बरोबरीला नौदलात लेफ्टनंट असतो. शिवाय जहाजाचा प्रमुख अधिकारी, त्याचा हुद्दा कमांडरचा असला तरी, जहाजावर कॅप्टनच म्हणून ओळखला जातो. त्याच्या खालोखालचा अधिकारी म्हणजे एक्सओ, अर्थात एक्झिक्युटिव्ह ऑफिसर. खलाशांमध्ये सीमन, लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर अशी चढती भाजणी आहे. 4 डिसेंबर 2023 रोजी सिंधुदुर्गात झालेल्या नौदल दिनाच्या कार्यक्रमात हुद्द्यांना भारतीय परंपरेतील नावे देण्याची घोषणा झाली, म्हणून पुढे यातील शब्द बदललेले आढळले तर नवल वाटू नये. जुन्या इतिहासात मात्र सामान्य खलाशाला रेटिंग म्हटलेले आढळेल. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत तलवार या संदेश-प्रशिक्षण केंद्रात उठाव झाला तो या रेटिंगांचाच, आणि त्या काळातील कागद वाचताना हा शब्द श्रेणी किंवा गुणांकन या अर्थाने वाचू नये.

थट्टेचे शब्द, सर्वांत शेवटी

ब्रिटिश नौदलात जॅकस्पीक नावाची चेष्टेखोर बोली आहे, आणि तिच्यातील काही शब्द आपल्या किनाऱ्यावरून तिकडे गेलेले आहेत. जहाजावर ज्या दिवशी मांस मिळत नसे त्याला बन्यान डे म्हणत, आणि ते नाव मांस न खाणाऱ्या आपल्याकडच्या वाण्यांवरून पडले. पुढे त्याच शब्दाला किनाऱ्यावरची सहल असा अर्थ आला आणि आज त्या सहलीत मांस भाजतात. कपडे धुण्याला ब्रिटिश खलाशी धोबी म्हणतात आणि कपड्यांच्या साबणाच्या पावडरीला धोबी डस्ट. चिठ्ठीची चिट झाली, आणि ती परत येऊन रजेची चिट, आजारपणाची चिट म्हणून आपल्या नौदलात चालते. डोंगरी नावाच्या जाड्याभरड्या कापडाचे डंगरी झाले आणि कामाच्या अखंड पोशाखाला आपली सैन्यदले डांगरी म्हणू लागली. बडा खाना हा शब्द मात्र कोठेही न जाता इथेच राहिला. सर्व हुद्द्यांच्या लोकांनी एकत्र बसून घेतलेल्या मोठ्या जेवणाला तो तिन्ही दलांत वापरतात.

तिकडचे काही शब्द ज्या गोष्टींसाठी जन्मले त्या गोष्टी संपल्यावरही राहिले आहेत. ब्रिटिश खलाशांना रोज मिळणारा रमचा टॉट, म्हणजे ठरावीक माप, 31 जुलै 1970 रोजी बंद झाला, परंतु विशेष प्रसंगी सर्वांना मद्य देण्याच्या हुकमाला आजही मेनब्रेस, म्हणजे मुख्य शिडाच्या आडकाठीचा दोर, सांधणे याच अर्थाचे शब्द वापरतात, जरी सांधायला ते दोर आता जहाजावर नसले तरी.

या शब्दांच्या वापराबाबत सल्ला एवढाच की ते ऐकावेत, समजून घ्यावेत आणि निदान पहिले वर्षभर स्वतः वापरू नयेत. वरिष्ठाचे टोपणनाव त्याच्या बरोबरीच्या माणसाच्या तोंडी शोभते. नव्या खलाशाच्या तोंडी तो उद्धटपणा ठरतो. घरच्यांनी तर हे शब्द उसने घेऊच नयेत. मुलाच्या मित्रांसमोर वडिलांनी "काय मग, किती नॉटने आलात" असे विचारले तर मित्र हसतात आणि मुलगा खाली पाहतो.

आता घरच्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द. जहाज बंदरात नसून समुद्रावर असले की मुले "सेलिंगवर आहे" असे सांगतात. हे ऐकल्यावर कोठे, किती दिवस आणि परत कधी हे तीन प्रश्न स्वाभाविकपणे ओठांवर येतात, पण ते फोनवर विचारू नयेत, आणि उत्तर ठाऊक असले तरी ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नये. डिसेंबर 2019 मध्ये हेरगिरीचे प्रकरण उघड झाल्यानंतर नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक वापरण्यास बंदी घातली, ती अशाच लहानसहान माहितीच्या तुकड्यांमुळे. त्यामुळे काही दिवस फोन लागला नाही तर लगेच घाबरून जाऊ नये. पत्र पाठवायचे असल्यास मुलाने दिलेल्या पत्त्यावर, म्हणजे त्याचे नाव, हुद्दा, क्रमांक, जहाजाचे नाव आणि खाली फ्लीट मेल ऑफिस, मुंबई असे लिहून पाठवावे. जहाज त्या वेळी कोठे आहे याचा शोध घरी घेण्याची गरज नसते, तो ते कार्यालय घेते.